बधिर पायातली कळ

आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्यांतल्या तिसऱ्या काढणाऱ्या बायकांत मोंजियाइतका चपळ हात कुणाचा नव्हता. तिचा नवरा लमीन दिवसभर कहवाखान्यात पत्ते कुटायचा आणि संध्याकाळी पाटीत डोकावून विचारायचा, "आज एवढ्याच?" अशा माणसावर जास्त शब्द वाया घालवण्यात अर्थ नाही.

चाळिशी उलटल्यावर मोंजियाच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मी तिची शेजारीण, मीच शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं तर साखर निघाली. तिथे फरहात नावाचे प्रोफेसर होते. पुढे स्वतःचं पोट आणि मागे शिष्यांची वरात, असे चालायचे. साखरेनं नसांचं काय होतं यावर त्यांचं संशोधन चालू होतं.

"घोट्याच्या बाहेरच्या अंगानं एक बारीक नस जाते," ते मोंजियाला म्हणाले. "हालचालीशी तिचा संबंध नाही. नुसता स्पर्श न् दुखणं वर पोचवते. तिचा बोटभर तुकडा घेतो अभ्यासाला. थोडं बधिर होईल, बस्स. नखं कापल्यावर कुणी रडतं का?"

"नखं परत वाढतात, डॉक्टर," मी म्हटलं.

एखादी खुर्ची बोलावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मोंजिया मात्र हो म्हणाली. मोठा माणूस विचारतोय म्हटल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि त्या रीतीवरच असल्यांचं चांगलं चालतं.

पायाची कड बधिर झाली. पण थोड्याच दिवसांत त्या बधिर कातडीच्या आत आग पेटली. चिमटा काढला तरी कळायचं नाही, आणि चादरीची कड वणाला लागली की ओठ चावायची. "आत निखारा ठेवलाय न् कुणीतरी बसून फुंकतंय," म्हणायची. चप्पल सोसेना, मग खारा चिखल कुठला सोसायला.

आम्ही पुन्हा प्रोफेसरांकडे गेलो.

"तिथे नसच नाही, तर दुखेल कशानं?" ते म्हणाले. "घर पाडल्यावर दारावरची घंटा वाजते का?"

शिष्य हसले. त्यांना पगार हसण्याचाच मिळत असावा. प्रोफेसरांनी मनाचा आजार ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या.

गावाला तेवढंच हवं होतं. लमीन कहवाखान्यात सांगत सुटला, "चिखलात उतरायचं नाही, म्हणून सोंग आहे सगळं." ज्याचे घोटे कधी भिजले नाहीत तो हे बोलत होता, आणि बाकीचे माना डोलावत होते.

दोन हिवाळे असे गेले. मग त्याच इस्पितळात परदेशातून शिकून आलेली रिहाब नावाची डॉक्टरीण लागली. जुनी प्रकरणं चाळताना तिला मोंजिया सापडली. तिनं बोलावून घेतलं.

"आणखी एक तुकडा हवाय का?" मोंजियानं दारातूनच विचारलं.

"नाही हो मावशी. केसासारखी सुई पोटरीतल्या नसेत घालायची, कापलंय त्याच्या वर. नसेतून काय जातंय ते यंत्रातून ऐकू येतं."

"दुखेल?"

"दुखेल. आणि नस सापडायला वेळही लागेल."

मोंजिया माझ्याकडे वळली. "ही पहिली, जी दुखेल म्हणाली." आणि जाऊन पडली.

बराच वेळ नुसती खरखर. मग कढत तेलात मासा सोडल्यासारखा तडतड आवाज आला. पायाला कुणीच हात लावला नव्हता. डोळे मिटलेली मोंजिया म्हणाली, "आता वाढतंय," आणि तडतड दाट झाली. रिहाबनं वणावर बोट आपटलं, तर नुसता भडका.

"कापलेल्या टोकाची गाठ झालीय," रिहाब म्हणाली. "ती आपणहून निरोप धाडतेय. डोक्याला वाटतं, पायच जळतोय."

तिनं गाठीपाशी भूल टोचली. आवाज विरळ होत होत बंद पडला. मोंजियानं डोळे उघडले, पाय चादरीवर हळूहळू घासून पाहिला. पुन्हा घासला.

बातमी लागताच प्रोफेसर धावत आले. "मला शंका होतीच," म्हणाले. स्वतःची लाज नव्हतीच, पण हा माणूस ती दुसऱ्याकडून मागूनही आणत नव्हता. वर म्हणतात, "आता तुलनेला दुसऱ्या पायातली नस मिळाली तर काम पुरं होईल."

मोंजियानं मोजे चढवले. "डॉक्टर, तुमचेही दोन पाय आहेत," ती म्हणाली. या वेळी शिष्यांना हसावं की नाही ते कळेना.

पुढे शस्त्रक्रिया करून गाठ काढली, नसेचं टोक स्नायूत खोल दडवलं. आग पुष्कळ उतरली, सगळी नाही. चिखल सुटला तो सुटलाच. ती आता धक्क्यावर बसून तिसऱ्या निवडते. प्रोफेसर नसेचे ते आवाज घेऊन सभा गाजवत फिरतात. रिहाबचं नाव म्हणे शेवटी येतं, बारीक अक्षरात.

घर चालायचं म्हणून लमीनला पाटी उचलावी लागली. आठवडाभरात कंबर धरून घरी आला, भिंतीला टेकून कण्हत बसला.

"दुखत असेल," मोंजिया म्हणाली, आणि तेल गरम करायला उठली.

तिच्या जागी मी असते तर विश्वास ठेवला नसता.