लाल टाकीचं कुलूप

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. काळी वापरायच्या पाण्याची, लाल आगीसाठीची. लाल टाकीतून एक जाड पाइप जिन्याच्या कडेने खाली येतो. प्रत्येक मजल्यावर त्याला जोडलेली, गुंडाळून ठेवलेली नळी आहे आणि खाली पार्किंगच्या छताला स्प्रिंकलर. फ्लॅट दाखवताना बिल्डरने हे सगळं हौसेने दाखवलं होतं.

पण यवतमाळात उन्हाळ्यात नळ कधी येईल ते सांगता येत नाही. एका एप्रिलमध्ये आम्ही सभा घेतली, प्लंबर बोलावला आणि लाल टाकी काळीला जोडून घेतली. सोसायटीची सचिव मी. ठराव माझ्याच अक्षरात आहे. त्या आठवड्यात मीही घरातल्या सगळ्या चादरी धुऊन काढल्या.

गेल्या मार्चमध्ये भर दुपारी पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली. धूर जिन्याने वर चढला. चौथ्या मजल्यावर माझी आई, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकरवर. तिला जिन्याने नेणं शक्य नव्हतं आणि आगीत लिफ्ट वापरायची नसते. मी ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबत होते.

"तू जाय ना वं खाली," आई म्हणाली. "मी बसतो अठी."

खाली धगीने स्प्रिंकलर फुटला. त्यातून हवा निघाली, मग थोडं गढूळ पाणी, मग काहीच नाही. लाल टाकी आम्ही पिऊन, धुऊन संपवली होती. शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांनी घमेल्यांनी वाळू टाकली म्हणून आग विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामांची यादी केली. प्लंबर, टँकर, कुलूप. कोणालाही न विचारता जोडपाइप कापून घेतला, लाल टाकी भरली आणि गच्चीवर काळीकडे जाणाऱ्या व्हॉल्व्हला कुलूप लावलं.

एप्रिल लागला तशी इमारत माझ्यावर उलटली. सभा पार्किंगमध्येच झाली, काळ्या पडलेल्या छताखाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

"मॅडम, ठराव सगळ्यायचा होता. तुमी एकट्यानं कसा मोडला?"

"मीच लिहिला होता, सर. चूक लिहिला होता."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. "ताई, आग लागन तवा लागन. तहान तं रोज लागते! तुमच्या घरी काय बोअर हाय?"

सगळे हसले.

"माझ्या घरी दोन बादल्या हायेत, वहिनी. येऊन पाहा."

"ते काही नाही," अध्यक्ष म्हणाले. "टाकी जोडून द्या, नाही तं राजीनामा द्या."

"राजीनामा देतो. पयले ठराव लिहून घेतो."

मी रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं: लाल टाकीचं पाणी घरात वापरावं. आग लागल्यास पाइपात पाणी नसेल, हे आम्हाला माहीत आहे. खाली प्रत्येकाची सही आणि फ्लॅट नंबर यासाठी जागा सोडली.

रजिस्टर अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला. "हे दुसरं वाक्य कायले?"

"खरं हाय म्हणून."

"मी सही करतो," वहिनी म्हणाल्या, "पण पयल्याच वाक्यावर."

"दोन्ही संगंच हायेत."

रजिस्टर सगळीकडे फिरलं आणि एकाही सहीविना परत आलं. राजीनामा पुन्हा कोणी मागितला नाही. तो उन्हाळा सगळ्यांनी टँकरवर काढला. कुलूप फोडायचा प्रयत्न दोनदा झाला. मी आणखी जाड कुलूप आणलं. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत. इलाज नाही.

दर रविवारी सकाळी मी आमच्या मजल्यावरची नळी उलगडते, तिचं तोंड बादलीत धरते आणि कॉक फिरवते. पाणी जोरात आपटतं, बादलीबाहेर उडतं. समोरचं दार उघडतं.

"घ्या! लोकायले प्यायले नाही, अन् ह्या सांडून राह्यल्या!"

"हो," मी म्हणते, "सांडून राह्यलो." आणि पाण्याला जोर आहे याची खात्री होईपर्यंत कॉक बंद करत नाही.