बहात्तरचं कार्ड

“हार्ट रेट बहात्तरच राहील,” सरांनी माझा प्रिंटआउट न उघडताच परत सरकवला. “सगळ्या पेशंटना तोच लावलाय. तुमच्या गाववालीसाठी मॉडेल बदलू?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी मुंबईच्या एका संस्थेत प्रोग्रामर होते. हृदय कसं चालतं ते गणितात मांडायचं, हा आमचा प्रोजेक्ट; सर त्याचे प्रमुख. रक्ताचा दाब, कप्प्यांचा आकार, झडपांची रुंदी, सगळ्याची समीकरणं. भोकं पाडलेल्या पंच कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटरला द्यायचा, एकेका कार्डावर एकेक आकडा. मापं एका हॉस्पिटलातून यायची आणि आमचं उत्तर बघून तिथले डॉक्टर ऑपरेशनचं ठरवायचे.

त्या मापांत हिरा होती, माझी वसईजवळच्या आगाशीची शेजारीण. मीच तिला त्या हॉस्पिटलात नेलं होतं. चौथा महिना लागलेला. केळीची टोपली घेऊन बाजारापर्यंत गेली की तिला धाप लागायची. सासू म्हणायची, “बसली का बरी, टोपली उचलली का धाप! कामाचा कंटाला, दुसरा काय?”

आमचं मॉडेलही सासूच्याच बाजूचं निघालं. झडप थोडी अरुंद, दाब ठीक, ऑपरेशन नको.

सासूचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बसली की बरी. हॉस्पिटलात मापं घेतात ती पलंगावर निजवून!

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून रक्त झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. झडप अरुंद असली की उतरायला वेळ लागतो. नाडी पळायला लागली की नेमका तोच वेळ कमी होतो. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो. आणि पोटात मूल वाढतं तसं हृदयाला बसल्या जागीही जास्त पळावं लागतं. मी निजलेल्या माणसाच्या बहात्तर ठोक्यांच्या जागी एकशेवीसचं कार्ड घातलं. हिराचा दाब असा चढला, की फुप्फुसांत पाणी व्हायला वेळ लागला नसता.

तोच प्रिंटआउट सरांनी परत केला होता.

“सर, ती झोपून राहत नाही. वाडीत राबते.”

“मग तिला झोपून राहायला सांगा. रिसर्च पेपर टाइप होऊन गेलाय.”

मी तडक हॉस्पिटलात जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी हिराला आणि सासूलाही घेऊन गेले. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला.

“यावर तुमच्या सरांची सही नाही.”

“सहीनं धाप थांबते का, डॉक्टर? तिला जिना चढवून बघा. बाकी काही करू नका.”

चिडूनच ते उठले. दुसऱ्या मजल्याच्या आधीच हिरा पायरीवर बसली. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी तिथेच पायरीवर बसून स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. सासू रडायला लागली, “आयो, पोरीला काय झाला!”

इतके महिने काय झोपली होतीस, असं तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं? बहात्तरचं कार्ड पंच केलं होतं मीच. पुस्तकात होतं म्हणून. चाळीस पेशंटच्या गठ्ठ्यात एकदाही बदललं नव्हतं. त्या चाळिसांत आणखी किती हिरा होत्या, ते मला आजही माहीत नाही. तो स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं. सर्जननं बोट घालून झडप मोकळी केली. हिराला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पेपर बहात्तरवरच छापून आला, माझं नाव वगळून. तक्त्यात पेशंट क्रमांक सतरापुढे लिहिलंय, ‘ऑपरेशनची गरज नाही.’ ती हिरा.

पुढे कुणीही मॉडेल घेऊन आलं की मी आधी एकच विचारायची, मापं घेतली तेव्हा माणूस काय करत होता? निम्म्यांना ते माहीतच नसायचं.