मुखवट्याबाहेरचे कान

पडद्यावरचा नट पुलावरून ट्रकच्या टपावर उडी मारतो तेव्हा उडी मारणारा माणूस तो नसतो, हे रिझवानाला नवव्या वर्षी कळलं. कळलं ते कानांवरून. नटाचे कान डोक्याला चिकटलेले होते, उडी मारणाऱ्याचे सुटे. तिने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली आणि मुसैबचाचांना दाखवलं. चाचा म्हणाले, डुप्लिकेट आहे हे गिऱ्हाइकांना सांगत बसू नको, मग कॅसेट कोण नेईल. तिने कॅसेट पुन्हा उडीपाशी आणली. मग म्हणाली की तिला डुप्लिकेटच जास्त आवडला. खरी उडी त्याने मारली होती आणि त्याचं तोंड कुणी बघितलं नव्हतं.

मुसैबचाचांचं दुकान महाडच्या एसटी स्टँडला लागून होतं. पुढे दोरीला चिमट्यांनी लटकवलेली भाड्याची कॉमिक्स, आत व्हिडिओ कॅसेटी. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमत तेव्हा चाचा दोरी उतरवून तिथे पाण्याचे माठ मांडत. एरवी ती दोरी बारा महिने असे. रिझवानाला आई नव्हती, वडील ट्रकवर. मराठी शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसे.

गोष्टीसाठी कॉमिक्स वाचणारे पुष्कळ होते. ती हातांसाठी वाची. चित्रकार बदलला की तिला बोटांवरून कळे. एकाच्या मुठी कणकेच्या गोळ्यासारख्या असत. दुसरा अंगठा मुठीत दडपून काढी, आणि असा ठोसा मारला तर आधी आपलाच अंगठा मोडेल असं तिचं म्हणणं. एका अंकात नायकाला एका हाताला सहा बोटं होती. तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हे बोट कुणाचं?’ चाचा रागावले. पण पुढे तोच अंक मुलं मागून नेऊ लागली. मग ती प्रत्येक अंकाच्या समासात काही ना काही लिही, आणि कुठे चित्र अगदीच चुकलेलं असलं तर शेजारी तीच मूठ पुन्हा काढून ठेवी, बरोबर करून. ते अंक अजूनही महाडमध्ये कुणाकुणाच्या माळ्यावर सापडतात.

अजमलशी तिची ओळख कॅसेटींमुळेच झाली. तो पोलादपूरच्या अलीकडच्या एका गावातला, महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे वेल्डर. रविवारी मारामारीचा सिनेमा नेई आणि सोमवारी पाळीवर जाताना परत करी, कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळून. असं दुसरं कुणी करत नसे. त्याची मागणी आली तेव्हा चाचांनी तिला विचारलं, मुलगा कसा वाटतो. ती म्हणाली, कान चांगले आहेत. चाचा हसून हसून खोकले. अजमलचे कान सुटे होते, आणि डाव्या कानाची पाळी लहानपणी सावित्रीवर मासे धरताना गळाने फाटलेली होती.

तिसरीनंतर तो शाळेत गेला नव्हता. एसटीच्या पाट्या तो अक्षरांच्या आकारावरून ओळखी. मशिदीतल्या मक्तबमध्ये कुराण वाचायला शिकला होता, तेवढंच त्याचं वाचन. याचं रिझवानाला कधी काही वाटलं नाही.

लग्न झालं पंच्याण्णव साली. पुढच्या वर्षी अजमल सौदीला गेला.

तिथे एका खोलीत आठ माणसं राहत. घरून पत्र आलं की ते अरसलान वाची. तो महाडचा, बारावीपर्यंत शिकलेला आणि वाचायचा आवाज चांगला असलेला. रिझवानाने पहिल्या पत्रात लिहिलं की घरात दोन कप चहा होतो आणि एक ओतून द्यावा लागतो. तीन महिन्यांनी त्याच खोलीतला एक जण सुट्टीवर आला, बाजारात भेटला आणि दात काढून म्हणाला, ‘काय भाभी, दुसरा कप कोण पितो आता?’ त्यानंतर ती पत्रात फक्त पाऊस किती झाला आणि शेळी कधी व्याली एवढंच लिहू लागली. फोन होता तो समोरच्या बयाबाईंच्या घरी. शुक्रवारी अजमलचा फोन येई तेव्हा बयाबाई वाल सोलत शेजारीच बसलेल्या असत. सासू मासूमा दारात उभी असे. बोलायचं ते सगळ्यांच्या देखत बोलायचं.

मग तिने चित्रं काढायला सुरुवात केली. शब्द नसले तर अरसलान काय वाचणार, हा तिचा हिशेब. ड्रॉइंगच्या आडव्या कागदावर एकाच ओळीत चौकटी आखायच्या आणि त्यात अजमल काढायचा. वेल्डर असल्यामुळे त्याला मुखवटा होताच. काळी काच, वर उचलायची झडप. तिने लहानपणापासून पाहिलेल्या सगळ्या नायकांपेक्षा हा मुखवटा खरा होता. चेहरा ती काढत नसे, कान मात्र मुखवट्याबाहेर असत, आणि डाव्या पाळीवर चीर. तो नायक वाळूत गुंडांना लोळवी, पाण्याचा टँकर पळवून आणी, पुलावरून ट्रकच्या टपावर उडी घेई. अंगठा नेहमी मुठीच्या बाहेर.

आखातात असे कागद पोस्टाने कमी, माणसांबरोबर जास्त जात. गावचा कुणी सुट्टी संपवून निघाला की आदल्या दिवशी त्याच्या घरी पुडकी जमत: सुके बोंबील, लोणचं, कुणाचं औषध. पुडकं उघडंच द्यायचं हा रिवाज, कारण विमानतळावर जबाब नेणाऱ्याला द्यावा लागतो. रिझवानाचे कागद असे उघडे जात. वाटेत बघणारे बघत आणि म्हणत, पोरखेळ आहे.

अजमलला ते फार आवडत. गादीखाली त्याने ते सगळे जपून ठेवले होते. एकदा फोनवर म्हणाला की तिचे गुंड त्याला आवडतात, पडलेले असले तरी पुन्हा उठून उभे राहतात बिचारे. तिला वाटलं, थट्टा करतोय.

दोन हजार दोन साली त्याचा करार संपत आला. मुलगी तसनीम तेव्हा तीन वर्षांची होती आणि बापाने तिला अजून पाहिलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली तो दोन महिन्यांच्या रजेवर येऊन गेला होता, पण मागच्या खेपेला त्याने रजेऐवजी पैसे घेतले होते आणि तिथेच राहिला होता. या वेळीही कंपनी तेच विचारत होती. मासूमाला घरावर स्लॅब हवा होता. तिची मागणी काही वाईट नव्हती. पावसात कौलं गळत आणि तिचं अंथरूण रोज नव्या कोपऱ्यात जाई. पण रिझवानाला नवरा परत हवा होता. हे पत्रात लिहिलं तर खोलीतले बाकीचे सात जण ऐकणार, फोनवर बोललं तर सासू ऐकणार, आणि बायकोने आईच्या इच्छेविरुद्ध परत बोलावलं ही गोष्ट अजमलच्या आधी महाडला पोचणार.

तिने चार संध्याकाळी खपून आठ चौकटी काढल्या. पहिलीत मुखवट्याचा माणूस वाळूत बॅग घेऊन उभा. मग विमान. मग हायवेवरची एसटी, फाटा, गल्ली. सहावीत अंगण आणि दाराआडून बघणारी मुलगी. सातवीत तो ओटीवर बसून मुखवटा काढतोय, पाठमोरा. आठवीत मुखवटा मुलीच्या डोक्यावर आणि त्याखालून फक्त तिची हनुवटी. असं चित्र तिने आधी कधी काढलं नव्हतं आणि नंतरही काढलं नाही.

कागद वाळत ठेवला होता तेव्हा मासूमा येऊन तो निरखू लागली. हिला कळलं तर कागद जाणार नाही, असं रिझवानाला वाटलं. मासूमा बराच वेळ बघत राहिली, मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘चांगलं काढलंस गो. धीर येल त्याला.’

त्या दिवशी रिझवानाने सासूच्या पायाला तेल चोळलं. आपण या बाईला उगाच कठोर समजत होतो असं तिला वाटलं.

कागद गेला. महिन्याभराने शुक्रवारी फोन आला. अजमलचा आवाज हलका होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका. म्हणाला, ‘तुजी चितरं बघितली. पोरीचं बघून रडलो. मन होत नव्हतं, पन तू सांगितलंस तसंच केलं.’

‘काय केलं?’

‘सही केली ना. दोन वर्सांची.’

बयाबाईंनी वाल सोलायचं थांबवून विचारलं, लाइन गेली का गो. ती म्हणाली, हो, गेली.

कितीतरी दिवस तिने पेन हातात घेतलं नाही. तिला वाटलं, त्याने कळून न कळल्यासारखं केलं. परत यायचं नसेल तर माणूस असंच करतो. तिने चौकटी पुन्हा पुन्हा मनात काढून पाहिल्या. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

तसनीम तेव्हा नुकतीच मक्तबला जाऊ लागली होती. एका दुपारी ती ओटीवर चाचांच्या दुकानातलं जुनं कॉमिक्स घेऊन बसली होती. शेवटचं पान पहिलं धरून तिने ते उघडलं होतं आणि मक्तबच्या पुस्तकावर फिरवावं तसं बोट उजवीकडून डावीकडे नेत होती, एकेका चौकटीवर थांबून. रिझवाना तिला ओरडणार होती की इकडून वाच. मग तिची नजर त्या बोटावर गेली.

ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आठवीपासून पहिलीपर्यंत चौकटी तिने मनात लावल्या. मुलीच्या डोक्यावर मुखवटा आहे. बाप तो घेतो, ओटीवर बसून चढवतो. मुलगी दाराआडून बघते. गल्ली, फाटा, एसटी, विमान, आणि वाळूत उभा असलेला माणूस. सासूचंही वाचन कुराणापुरतंच, तिने हेच वाचलं होतं. त्याने हेच वाचलं होतं. आणि हाच कागद नव्हे, सहा वर्षांतला प्रत्येक कागद त्याने असाच वाचला होता: लोळलेले गुंड उठून उभे राहतात, ट्रकच्या टपावरचा माणूस उडून पुलावर जातो. तरीही त्याला ते आवडत होते. ती हसायला लागली, आणि मासूमा आत आली तेव्हा रडत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कुसळ गेलं.

तिने त्याच आठ चौकटी पुन्हा काढल्या. या वेळी प्रत्येकीच्या कोपऱ्यात ठिपके दिले: डावीकडच्या पहिलीत एक, पुढे दोन, पुढे तीन. अरसलान सुट्टीवर आला होता, कागद त्याच्याकडे दिला. त्याने कागद पाहून विचारलं, हे ठिपके कसले. ती म्हणाली, शोभेचे.

पुढचा फोन शुक्रवारचा नव्हता. मंगळवारी भर दुपारी बयाबाईंनी हाक मारली. पलीकडे अजमल होता.

‘रिझू, समदे काडले गादीखालचे. परत वाचले. डावीकडनं.’

‘मंग?’

‘मंग काय. सही झाली ना.’

पासपोर्ट कंपनीकडे होता. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. त्या काळात तिने आणखी कागद पाठवले, ठिपके घालून. घरावर स्लॅब पडला तेव्हा तोही काढला, मासूमा वर चढून उभी आहे असा. पुढच्या सहीची गोष्ट कुणी काढली नाही.

दोन हजार चारच्या मे महिन्यात अजमल फाट्यावर उतरला. पुढचे केस गेलेले, दाढी अर्धी पांढरी, गालाची हाडं वर आलेली. मासूमा ओटीवर त्याच्या गळ्यात पडून रडली आणि मग चहा टाकायला आत गेली. पाच वर्षांची तसनीम दाराआड गेली, कारण मुलं जातातच. रिझवानाने पाण्याचा तांब्या आणला तेव्हा मुलीने तिचा पदर ओढला आणि कुजबुजली की हा तो नाही, डुप्लिकेट आहे. त्याला मुखवटा असतो. हा म्हातारा आहे.

रिझवानाने आधी स्वतः पाहिलं. मग वाकून म्हणाली, ‘कान बघ.’

तसनीम ओटीवर गेली आणि मागून त्याच्या पाठीशी उभी राहिली. डावा कान दोन बोटांत धरून तिने पाळीवरच्या चिरेत नख घातलं. अजमलने मान हलवली नाही. हातातलं पाणी तसंच ठेवून तो बसून राहिला, काम चालू असताना वेल्डर बसतो तसा.

‘डुप्लिकेट नाय, दादी,’ तसनीमने आत ऐकू जाईल असं सांगितलं. ‘तोच हाय.’