कडता न कापता

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथे चार म्हातारे बसतात, आणि जुन्या बॉक्सरांचा विषय निघाला की दोनच माणसांचं बोलतात. एक भुसावळचा रेल्वेतला गार्ड, दुसरा धुळ्याचा पोलीस. साठ-सत्तरच्या दशकात खानदेशात लाइट हेवीवेटमध्ये हे दोघेच, तिसरा कुणी झालाच नाही, असं ते ठासून सांगतात. मी भाजी घेऊन तिथून जाते तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिसरा होता. तो माझा थोरला भाऊ होता आणि तिघांतला सगळ्यात चांगला तोच होता. भाऊ आता नाही, म्हणून हे त्यांच्या तोंडावर मलाच सांगावं लागतं. ते हसतात आणि म्हणतात, "बहीण असंच बोलणार."

बोलणारच. पण मी तिघांनाही रिंगणाला खेटून उभं राहून पाहिलंय. या चौघांनी नुसतं ऐकलंय.

गार्ड देखणा खेळायचा. तापल्या फरशीवर अनवाणी उभा असल्यासारखे त्याचे पाय नाचत असायचे, आणि डावा हात सारखा समोरच्याच्या नाकावर टेकायचा. पण पोटात एक नीट बसला की सगळा रुबाब उतरायचा. मग तो दोरीला पाठ लावून घंटेची वाट बघायचा. जळगावात माझ्या भावाने त्याला हरवलं, तर लोक म्हणाले, गार्ड नुकताच तापातून उठला होता. आपला माणूस हरला की तो तापातूनच उठलेला असतो, त्याला मी काय करू?

पोलिसाचं वेगळं होतं. तो नाचायच्या भानगडीत पडत नसे. सरळ चालत यायचा, दोन खायचा, एक द्यायचा, आणि तो एक पुरायचा. त्याच्या उजव्या हाताबद्दल मी वाईट बोलणार नाही.

भाऊ डावखुरा. आमची केळीची बाग यावलकडे, आणि तो जळगावात एका केळीच्या वखारीत तोलाईचं काम करायचा. घड वाहून वाहून मान आणि पाठ दणकट झालेली. गार्डाचे पाय त्याच्याकडे नव्हते, पोलिसाचा उजवाही नव्हता. पण समोरचा आता काय करणार ते त्याला आधी कळायचं, आणि ठोसा येताना तो डोळे मिटायचा नाही. तुमच्यावर कुणी नुसता हात उगारला तरी डोळे मिटतात. करून बघा.

भाऊ आणि पोलीस यांची लढत धुळ्याला ठरली. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होता. मी तेव्हा कॉलेजात होते, हट्टाने त्याच्याबरोबर एस.टी.ने गेले. एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या गाठी लावून, वर फळ्या टाकून रिंगण केलं होतं. वजन एक्क्याऐंशी किलोच्या वर जाता कामा नये, असा या गटाचा नियम. आयोजकांचा काटा ऐनवेळी बिघडला, म्हणून त्यांनी जिनातला काटा घेतला आणि मापाडीही तिथलाच.

त्याची हयात कापूस तोलण्यात गेलेली. कापूस तोलताना ओल, धूळ, गोणपाट यांच्यापोटी वजनातून थोडं वजा करतात, त्याला कडता म्हणतात. मापाड्याने आधी भावाला काट्यावर चढवलं, मग पोलिसाला, आणि सवयीने दोघांचाही कडता कापून वजन पुकारलं. दोघंही नियमात बसले. पंचांनी माना डोलावल्या.

मी केळीवाल्याची पोर. आमच्या मालाचा कडता कापलेला ऐकतच मोठी झाले. भावाचं वजन मला ठाऊक होतं आणि पुकारलेलं त्याहून कमी होतं. त्या सगळ्या बाप्यांत उभी राहून मी ओरडले, "कडता कापलाय! माणसाला कसला कडता?"

आवारभर हशा पिकला. मापाड्याने जीभ चावली. पुन्हा वजन झालं, भाऊ नियमात राहिला आणि पोलीस बराच वर गेला. पोलीस बाद, भाऊ न लढताच पुण्याला जाणार, असं पंच म्हणाले. मला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं.

भाऊ पुढे आला. "मले काट्यावर जिंकाचं नाही," म्हणाला. "खेळू द्या."

लोकांनी शिट्ट्या मारून आवार डोक्यावर घेतलं, पंचांनीही मग आधी पुकारलेलंच वजन धरलं. भाऊ थोडक्यात हरला. परतीच्या एस.टी.त एरंडोल येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते. तो सुजलेल्या ओठांनी शेंगदाणे खात होता. पुण्याला काटा धड होता. पोलिसाला तिथे न खेळताच परत पाठवलं. टपरीवर ही गोष्ट कुणी काढत नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी दुपारी डबा घेऊन वखारीत गेले, तर पोलीस दारात उभा. गाल बसलेले. भावाला म्हणाला, "आते कडता कापू नको, भाऊ. मनं खरं वजन सांग." आणि केळीच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. भावाने वजनं चढवली, उतरवली, काटा स्थिर होऊ दिला. पोलीस नियमात होता.

पिशवीतून त्याने हातमोज्यांचे दोन जोड काढले. मागच्या अंगणात केळीची वाळलेली पानं पसरली होती, तिथे दोघं उभे राहिले. हमाल जेवायला गेले होते. पोलीस माझ्याकडे बघून म्हणाला, "बोंब तूच मारी व्हती, निकाल बी तूच दे." भावाने आपलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

पहिली फेरी पोलिसाची. भावाचा ओठ पुन्हा फुटला आणि मी मोठ्याने म्हटलं, "पोलीस." दुसरी भावाची. तिसऱ्या फेरीत पोलिसाचा तो उजवा हात सुटला. भावाचे डोळे टक्क उघडे होते. तो एक पाऊल बाजूला सरला आणि त्याचा डावा बसला. पोलीस पानांवर बसला, आपला आपण उठला, शेवटपर्यंत लढला. मी वेळ संपल्याचं सांगितलं.

"भाऊ जिंकला," मी म्हणाले.

टपरीवाले याला बहिणीचा निकाल म्हणतात. त्या अंगणात पंचही नव्हते, पेपरवालाही नव्हता, म्हणून ती लढत ते धरतच नाहीत. न धरोत. ज्याने मार खाल्ला तो माझ्यासमोर उभा होता. दाताने मोज्याची दोरी सोडत त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. माझ्याहून कितीतरी मोठा माणूस, पण मला अक्का म्हणाला.

"निकालमा कडता कापा नही ना, अक्का?"

"नाही."

"मंग बराबर शे," तो म्हणाला, आणि त्याने भावाचा हात धरून वर केला.