कायद्याच्या शिबिरात शिरलेला टेम्पो

नव्वदच्या दशकात मी नवीन वकील होते. पिंपळगावला द्राक्षं तोडायला सुरगाण्याकडून मजूर यायचे, आणि त्यांना कायदा शिकवायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. चर्चच्या सिस्टरनी रविवारच्या प्रार्थनेनंतर अंगण दिलं. काळा कोट चढवून मी किमान वेतनावर बोलायला लागले, तोच एक बागायतदार टेम्पो घेऊन आत शिरला. एवढे मजूर एका जागी बघून त्याला हा मजूर अड्डाच वाटला.

मी भडकले. दुपारी सावली, संध्याकाळी रोख मजुरी, परत आणून सोडणं, सगळं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

"ताई, तुम्ही यांच्या मुकादम का?"

"वकील आहे मी!"

"तरीच लय भांडता."

तोवर माझे सगळे श्रोते टेम्पोत चढून बसले होते.

पुढच्या रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. "श्रद्धा वाढतेय," सिस्टर म्हणाल्या. "कायद्याची जाणीव वाढतेय," मी म्हटलं. उकाड्यामुळे कोट माझ्या हातावर होता. पुढे बसलेली एक म्हातारी घाईघाईने उठली.

"बाई, तो काळा कोट घाल लवकर. टेम्पो आला."