भिकाजीने काढलेल्या त्रुटी

हळर्णच्या भिकाजीला देवाने नाक दिले ते श्वासासाठी नव्हे, मुरडण्यासाठी. लग्नपत्रिका हाती आली की तो आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा, मग नवरा-नवरीची नावे. त्याच्या लाल पेनाला कंटाळून वकीलसुद्धा पळाला, तेव्हा गड्याने आपले अपील स्वतःच दाखल केले.

अपील होते वाटेचे. शेजारच्या देवेशने भिंत घातली आणि भिकाजीच्या कुळागराची, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेची, वाट बंद झाली. खालच्या कोर्टात तो हरला होता. आता अपीलही हातचे गेले, तर वाट कायमची गेली.

पणजीला कोर्टातल्या कारकून तनयाने कागद चाळले आणि एक चिठ्ठी पुढे केली.

"काका, हेच्यात तीन त्रुटी आसत. तीस दिसांत काडून हाडा."

भिकाजीला अगदी भरून आले. उभ्या जन्मात 'चुका काढू नको' एवढेच ऐकलेला माणूस, आणि आज साक्षात कोर्ट म्हणते काढा!

"तीनच? आणखी बऱ्याच मेळतल्यो गे बाय!"

चिठ्ठीवर लिहिले होते: निकालाची प्रमाणित प्रत नाही, प्रतिज्ञापत्रावर सही नाही, पानांना क्रमांक नाहीत. हा नुसता नमुना असणार, असे त्याने ठरवून टाकले.

एकोणतिसाव्या दिवशी त्याने त्रेचाळीस त्रुटींची यादी दाखल केली. निकालात 'विहीर' ऱ्हस्व, बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड, कँटीनचे उंडे पाव शिळे, भिंतीवरचे कॅलेंडर गेल्या महिन्याचे. क्रमांक याही पानांना नव्हते.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. हसू आवरता आवरता त्यांचा चेहरा लाल झाला.

"काका, त्रुटी काढायच्या म्हणजे शोधायच्या नव्हेत, दूर करायच्या. मुदत कधीच संपली."

अपील फेटाळले. कॅलेंडरचे पान तेवढे कोणीतरी उलटले.

दुसऱ्या दिवशी भिकाजी आणि त्याची बायको प्रभावती नदीकाठाने मोठा वळसा घालून बागेकडे निघाली. चिखल घोट्यापर्यंत, दोन्ही बाजूंना काटे. अर्धा तास झाला तरी हा माणूस कशालाच नाव ठेवीना.

"काय तरी बोला हो. वाट वायट आसा, इतकां तरी म्हणा."

भिकाजीने पायातला काटा उपसला.

"नाय गे," तो म्हणाला, "वाट बरी आसा."

ते ऐकले मात्र, प्रभावतीला रडूच फुटले.