तेलाचा काटा

वैशाखातला शनिवार होता. मिस्त्रीची मजुरी पाच रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, ठरली होती. हजर तिघं: मी, गिरणीवाले अप्पा आणि उमरग्याचा मिस्त्री. बैलं विकून मी जुना ट्रॅक्टर घेतला होता आणि निम्मं रान नांगरायचं राहिलं होतं. इंजिन तापलं की तेलाच्या दाबाचा काटा दहावर यायचा, असायला हवा तीसवर.

या मिस्त्रीची सवय अशी, की तो आधी "व्हय" म्हणतो आणि मग विचार करतो. त्यानं आमचा काटा काढून अप्पांच्या गिरणीच्या इंजिनावर बसवला. तिथं तो अप्पांच्या काट्यापेक्षा दहानं कमी दाखवू लागला.

"म्हणजे काटाच खोटा?" मी विचारलं.

"व्हय."

"मग नांगरू?"

"व्हय. थांबा जरा."

अप्पांचा काटा ट्रॅक्टरला लावून, इंजिन तापेपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. काटा वीसवर आला.

"काटा खोटा हाय मालक, पर इंजिनबी आजारी हाय. बेरिंगं झिजल्यात."

"पण चालेल ना?"

"चालंल की. कवा अडकंल ते म्या न्हाय सांगत."

अप्पा म्हणाले, "अरे, एक काय ते सांग त्यांना."

"दोन दिवस सावकाश चालवतो," मी म्हणालो.

त्यावर मिस्त्रीनं ट्रॅक्टरचं इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल उचलून आपल्या सायकलला बांधलं. "बेरिंगं घिऊन येतो, तवा देतो."

ही इंजिनाची काळजी की माझ्यावरचा अविश्वास, मला अजून उमगलेलं नाही. मी पाच रुपये पुढं केले. त्यानं त्यातले दोनच उचलले आणि तेही अप्पांच्या हातावर ठेवले, कारण गिरणी तासभर बंद राहिली होती.